चेहरे झाका

१

जुन्या गाड्यांच्या शौकिनांना नवीन काहीही दाखवा, त्यांच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. हे मी अनुभवाने सांगते, कारण अशाच शौकिनांच्या एका वेबसाइटवर मी फोटो तपासण्याचं काम करते. सभासद आपापल्या गाड्यांचे फोटो टाकतात, एकमेकांची वाहवा करतात, बंपरच्या स्क्रूवरून हमरीतुमरीवर येतात, आणि कधीतरी मन घट्ट करून गाडी विकायची जाहिरात देतात. यातला प्रत्येक फोटो माझ्या नजरेखालून जातो. मी ‘मंजूर’ म्हटलं तर तो लोकांना दिसतो, ‘नामंजूर’ म्हटलं तर नाही. आयुष्यात माझ्या हाती आलेली सत्ता एवढीच.

आमचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे कप थरथरतात. खोलीत आम्ही दोघंच, मी आणि प्रोग्रामर. मालक कधीमधी उगवतो. या खेपेला उगवला तो नव्या सोयींचं गाठोडं घेऊनच. त्यातली एक होती ‘आतून पाहा’. ड्रायव्हरच्या जागेवर बसून चारी बाजूंचे फोटो काढायचे, वेबसाइट ते एकमेकांना जोडून देते, मग घरबसल्या कुणीही त्या गाडीत बसल्यासारखी मान वळवून बघू शकतो. दुसरी होती ‘चेहरे झाका’. फोटोत कुणाचा चेहरा आला की वेबसाइट तो आपोआप ओळखते आणि त्यावर एक धुरकट करडा ठिपका ठेवते, म्हणजे उद्या कुणाची तक्रार नको.

‘चेहरे झाका’ने आल्या आल्या आमची शोभा केली. जुन्या गाडीचं तोंड म्हणजे काय, दोन गोल दिवे, मधे जाळी, खाली बंपर. त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला तो चेहराच वाटायचा. दिसली गाडी की ठेव ठिपका. शौकिनांच्या लाडक्या गाड्यांची तोंडं झाकली गेली आणि शिव्या मी खाल्ल्या. “जुनं ते सोनं होतं, तुम्ही त्याला शेवाळं आणलंत,” असं एकाने लिहिलं.

यावर प्रोग्रामरने उपाय काढला. ठिपक्यावर क्लिक केलं की दोन बटणं येतात, ‘मूळ पाहा’ आणि ‘चेहरा नाही’. पहिल्याने ठिपक्याखालचा फोटो दिसतो. दुसऱ्याने ठिपका कायमचा जातो, आणि प्रोग्रॅम त्यातून शिकतो.

“लहान मुलासारखं आहे ते,” प्रोग्रामर म्हणाला. “चुकलं की सांगायचं. पुढच्या वेळी शहाण्यासारखं वागेल.”

मग मी बसले दिव्यांना ‘चेहरा नाही, चेहरा नाही’ म्हणत. मला ते काम आवडलंही. मी मुळातच संशयी. आई म्हणायची, या पोरीला दूध पांढरं आहे असं सांगितलं तरी ही पेला उजेडात धरून बघेल. आई गेली तशी मी बाबांकडे राहायला आले, आणि बाबांनी माझं नाव फौजदार ठेवलं.

२

बाबांची गाडी आमच्याच वेबसाइटवरून आलेली. गडद हिरवा रंग, मागे सोफ्यासारखी रुंद सीट. बाबा तिला म्हातारी म्हणतात.

आई गेल्यानंतर बाबा भिंतीकडे बघत बसून राहायचे. जेवायला हाक मारली तर उठायचे, नाही मारली तर नाही. म्हातारी आली आणि ते सकाळी उठून दाढी करायला लागले. त्यामुळे ती एवढ्या पडत्या भावात कशी मिळाली, विकणाऱ्याला एवढी घाई कशाची, हे सगळे प्रश्न मी गिळले. पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटत होतं, पण बाबा हसत होते. “मी गेल्यावर हिचं काय करायचं ते करा,” ते म्हणायचे, “तोवर हिला कुणी हात लावायचा नाही.”

मालकाच्या हुकमाने नवा प्रोग्रॅम जुन्या फोटोंवरूनही फिरवण्यात आला. त्यात म्हातारीची विक्रीची जाहिरात आली. विकणारा माणूस स्वतः स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला, टक्कल, जाड मिशा, तोंडभर हसू. त्याच्या चेहऱ्यावर ठिपका नव्हता. ठिपका होता मागच्या रिकाम्या सीटवर. तिथे माणूस बसला असता तर त्याचं डोकं आलं असतं, नेमक्या त्या उंचीवर.

मी प्रोग्रामरला बोलावून दाखवलं.

“घसरलाय,” तो म्हणाला. “चेहरा पुढे, ठिपका मागे. काचेच्या चमकेने गोंधळला असेल.”

पटण्यासारखं होतं. मागच्या ठिपक्याला मी ‘चेहरा नाही’ म्हटलं, विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हाताने ठिपका ठेवला आणि पुढच्या फोटोकडे वळले. पण ते हसू दिवसभर डोळ्यांसमोरून हलेना. माणूस तोंडभर हसला की त्याचे डोळेही थोडे बारीक होतात. याचे झाले नव्हते.

३

बाबांच्या दोन सवयी आहेत. काम करताना चष्मा कपाळावर चढवतात आणि मग तोच चष्मा घरभर शोधतात. आणि बोलायच्या आधी खाकरतात, मग ते मीठ मागायचं असो की कुणाची खरडपट्टी काढायची असो.

त्या संध्याकाळी शेडमधून खाकरणं ऐकू आलं, पाठोपाठ हाक. “फौजदार, इकडे या. जरा कान लावा.”

आमची शेड घराला लागूनच आहे. पत्र्याचं छप्पर, एका भिंतीवर बाबांची अवजारं ओळीने टांगलेली, आणि मधे म्हातारी. बाबा मागच्या काचेपाशी ओणवे झाले होते.

“या रबरातून शीळ येते. नवं बसवलं, तरी येतेच आहे.”

मी मागचं दार उघडून डोकं आत घातलं. चामड्याचा आणि पेट्रोलचा वास. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. अगदी बारीक शीळ. जरा वर चढली, खाली आली, थांबली, परत तशीच वर चढली.

“बाबा, शेडचं दार बंद आहे. वारा येणार कुठून?”

“पत्र्याला फटी असतात गं.”

“आणि वाऱ्याला चाल असते?”

“तुझ्या आईच्या केटलीलासुद्धा चाल होती,” बाबा म्हणाले. “दुसरं रबर मागवतो.”

मी डोकं बाहेर काढलं. दार लावताना माझा हात सीटवर टेकला. सीट कोमट होती. बाबा बसले असतील थोड्या वेळापूर्वी, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांना विचारलं मात्र नाही.

४

‘आतून पाहा’ची हौस बाबांनाही आलीच. त्यांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसून चहूबाजूंचे फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. दुसऱ्या दिवशी ते फोटो तपासायला माझ्याकडे आले.

खाली हवेचं यंत्र धडधडत होतं. मी माउस धरून म्हातारीच्या आत मान वळवली. डॅशबोर्ड, डावीकडची काच, काचेबाहेर भिंतीवरची अवजारं, आणि मग मागची सीट. सीटवर ठिपका होता.

आता इथे पुढे कुणी बसलेलंच नव्हतं. फोटो काढणारा फोटोत कसा येणार? मग घसरला तो कुणाच्या चेहऱ्यावरून?

चामड्यावर डाग असेल, सुरकुत्यांचा चेहरा दिसत असेल, असं म्हणत मी मान परत पुढे वळवली. आणि वरच्या छोट्या आरशात दुसरा ठिपका दिसला. नखाएवढा. मागची सीट आरशात जिथे दिसायला हवी, बरोबर तिथे.

डागाचं प्रतिबिंब पडू शकतं. मला ठाऊक आहे. तरी खात्री करायची होती.

मी सीटवरच्या ठिपक्यावर क्लिक करून ‘मूळ पाहा’ दाबलं. आमच्याकडचं इंटरनेट रडतखडत चालतं, त्यामुळे फोटो आधी ढोबळ, चौकोनी तुकड्यांचा येतो आणि मग हळूहळू स्वच्छ होतो. तो ढोबळ होता तेवढ्यात मला सीटवर कुणीतरी बसलेलं दिसलं. पुढे झुकलेलं. एक हात पुढच्या सीटच्या पाठीवर, उतरायचं ठिकाण विचारताना ठेवतात तसा. मग फोटो स्वच्छ झाला आणि सीट रिकामी होती. डागसुद्धा नव्हता. फक्त चामडं एका जागी खोल गेलं होतं.

मी परत दाबलं. पुन्हा ढोबळ, पुन्हा तो हात, पुन्हा रिकामी सीट.

“हे बघ जरा,” मी प्रोग्रामरला म्हणाले. तो येईपर्यंत फोटो स्वच्छ झाला होता, आणि त्याच्यासमोर दाबला तेव्हा झटकन स्वच्छच उघडला.

“ढगातही हत्ती दिसतात,” तो म्हणाला. “डोळ्यांना सुट्टी दे एक दिवस.”

मी पटकन दोन्हींवर ‘चेहरा नाही’ दाबलं. दोन्ही ठिपके गेले. मला वाटलं होतं की त्याने बरं वाटेल.

५

घरी जाऊन मी एक प्रयोग केला. बाबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि बाहेरून फोटो काढला.

“काय फौजदार, आज आरोपीचा फोटो?” बाबा हसले. हसताना त्यांचे डोळे पार मिटतात.

फोटो वेबसाइटवर टाकून पाहिला. बाबांच्या चेहऱ्यावर ठिपका, अगदी जिथे हवा तिथे. आणि मागच्या सीटवर दुसरा. म्हणजे ठिपका घसरत नव्हता. प्रोग्रॅमला दोन जण दिसत होते.

मग मी विकणाऱ्याला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने. मी सांगितलं, तुमची हिरवी गाडी आमच्या बाबांनी घेतली, मागच्या सीटबद्दल जरा विचारायचं होतं.

“सीटचं काय?” तिचा आवाज एकदम खाली आला.

“बदलली होती का कधी? डाग वगैरे होता का?”

ती म्हणाली, “ताई, त्या गाडीत शीळ ऐकू येते का हो?”

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तिने ते ऐकलंही नसावं.

“हे आधी सारखी शीळ घालायचे. अंघोळ करताना, बूट घालताना. मी कटकट करायचे. मग एकदा एकटेच गाडी घेऊन लांब गेले, आणि आल्यापासून घालत नाहीत. आल्या आल्याच म्हणाले, गाडी विकून टाकू. जिवापाड जपलेली गाडी. माणूस घरात आहे हो. जेवतो, झोपतो, हसतो. पण गाडी गेली त्या दिवसापासून घर रिकामं वाटतं. अशी कशी मी?”

तेवढ्यात मागून कुणीतरी काही बोललं, आणि फोनवर पुरुषाचा आवाज आला. छान, मोकळा आवाज.

“गाडी कशी आहे? बाबा चालवतात ना?”

“अजून काम सुरू आहे. शेडमध्येच असते.”

“नुसती उभी नका ठेवू. लांब घेऊन जायला सांगा एकदा,” तो म्हणाला. “एकट्याने. तिची मजा एकट्यानेच कळते.”

६

मी शेडमध्ये जाऊन बाबांना सगळं सांगितलं. एरवी असं काही बोलताना मला माझीच लाज वाटली असती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, खाकरले आणि म्हणाले, “तुझ्या त्या कॉम्प्युटरला दिव्यांत तोंड दिसतं, असं तूच सांगितलं होतंस ना?”

“हो, पण...”

“आणि दुसऱ्याच्या घरातली धुसफूस आपण गाडीच्या माथी मारायची?”

“बाबा, नका जाऊ मेळाव्याला. निदान एकटे नका जाऊ.”

शौकिनांचा मेळावा त्या शनिवारी होता, शहराबाहेर तळ्याकाठी. म्हातारीची पहिली लांबची फेरी. बाबांनी कितीतरी दिवसांपासून शर्टसुद्धा ठरवून ठेवला होता.

“मग चल की तू,” ते म्हणाले.

मी म्हातारीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, मागच्या त्या रुंद सीटकडे पाहिलं. माझ्याच्याने ‘येते’ म्हणवेना.

बाबांचा चेहरा उतरला. “तुझी आई गेल्यावर मला एवढीच एक हौस उरलीय, बाळा. ती तरी संशयाने नासवू नकोस.”

बाबा मला बाळा म्हणतात ते फक्त त्यांच्या मनाला लागलं असेल तेव्हा. मी विषय सोडला. पण शनिवारी सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा मी बॉनेट उघडलं. इंजिनात रोटर नावाचा अंगठ्याएवढा एक तुकडा असतो. तो काढला की ठिणगी पोचत नाही आणि गाडी जागची हलत नाही. शौकीन मंडळी चोरांच्या भीतीने तो काढून खिशात ठेवतात. मी तो काढला, एप्रनच्या खिशात टाकला आणि ओट्यापाशी येऊन अंडी फेटायला लागले. गाडी सुरू होणार नाही, बाबा चिडतील, संध्याकाळी मी रोटर परत बसवीन. एवढाच माझा बेत.

इंजिनाचा आवाज आला तेव्हा मला वाटलं शेजारची गाडी असेल.

बाबांकडे प्रत्येक सुटा भाग दोन दोन असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पळत बाहेर आले तर शेड उघडी, फरशीवर तेलाचा डाग, आणि कोपऱ्यावर वळणारी हिरवी गाडी. मागच्या काचेवर ऊन पडलं होतं. त्यामुळे आत कोण दिसतंय आणि कोण नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

७

दिवसभर मी त्यांना फोन लावत राहिले. उचलला नाही. मेळाव्यातल्या एका सभासदाला विचारलं, तो म्हणाला, हिरवी गाडी अजून आलेली नाही.

ऊन कलल्यावर म्हातारी आली. अलगद शेडमध्ये शिरली. बाबा उतरले. कुठे खरचटलेलं नाही, शर्टाला सुरकुती नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी दारातच रडायला लागले.

“छान चालली,” ते म्हणाले.

“मेळाव्याला का नाही गेलात?”

“लांब गेलो होतो.”

त्यांनी हात धुतले, खुर्चीत बसले, मी वाढलेलं सगळं खाल्लं. चष्मा नाकावर होता. ऑम्लेटमध्ये मीठ घालायला मी विसरले होते, पण त्यांनी मागितलं नाही. ताट सारून ते माझ्याकडे बघून तोंडभर हसले.

“ती गाडी विकून टाकू. जाहिरात मी टाकतो, तू मंजूर कर.”

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. ते उघडे होते.

८

सोमवारी ऑफिसात पोचले तेव्हा जाहिरात माझी वाट बघत होती.

फोटोत बाबा स्टिअरिंगवर बसले होते, दोन्ही हात त्याच्यावर. त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. ठिपका नव्हता. ठिपके मागच्या सीटवर होते, शेजारी शेजारी दोन.

खाली कुणाच्या तरी टायरमध्ये हवा भरणं चालू होतं आणि माझा कप थरथरत होता. मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. या गाडीतल्या ठिपक्यांना मीच तर ‘चेहरा नाही’ म्हणत आले होते. प्रोग्रॅम शिकतो. म्हातारीत बसलेल्या माणसाला चेहरा नसतो, असा धडा त्याने घेतला असेल. तो धडा मीच दिला. चूक झाली असेल तर माझी.

“असं होऊ शकतं का?” मी प्रोग्रामरला विचारलं.

“होऊ शकतं,” तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

मी एका ठिपक्यावर क्लिक करून ‘मूळ पाहा’ दाबलं. फोटो ढोबळ आला. दोघं होते. एक मागे टेकलेला, सवय झाल्यासारखा. दुसरा पुढे झुकलेला, दोन्ही हात पुढच्या सीटवर, आणि त्याच्या कपाळावर काहीतरी चमकत होतं. दोन छोटे गोल. चष्मा कपाळावर चढवला की दिसतात तसे.

मग सीट रिकामी झाली.

मी लॅपटॉप उचलला आणि न सांगता घरी आले. घरात न जाता आधी शेडमध्ये गेले. पत्रा तापून टकटक वाजत होता. म्हातारी मधोमध उभी होती, काचा वर. मी जवळ जाऊन उभी राहिले. शीळ येत होती, तीच, वर चढणारी, खाली येणारी. ती थांबली.

आणि आत कुणीतरी खाकरलं.

बोलायच्या आधी खाकरतात तसं. मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. शब्द आला नाही. “बाबा?” मी म्हणाले. पुन्हा खाकरणं, जरा घाईने, आणि पुन्हा काहीच नाही. मी काचेला हात लावला तर आतल्या बाजूने ती धुरकटली होती. मी दार उघडून मागच्या सीटवर हात फिरवला. दोन जागी चामडं खोल गेलं होतं. दोन्ही जागा कोमट होत्या. माझ्या हाताला दुसरं काही लागलं नाही. मी तिथेच दाराला धरून ढसाढसा रडले, कारण त्या चामड्याला बाबांच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता.

९

ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली, फोन लांब धरला आणि म्हणाले, “हसा.” ते हसतच होते.

इथे गाडी नव्हती. काच नव्हती, चमक नव्हती, म्हातारीबद्दल शिकवलेला कुठलाही धडा इथे लागू नव्हता. टेबल, दोन कप आणि आम्ही दोघं. मी फोटो वेबसाइटवर चढवला. माझ्या फोनमध्ये आईच्या वाढदिवसाचा एक जुना फोटो होता, याच टेबलाशी काढलेला. तोही चढवला.

जुन्या फोटोत तीन ठिपके उमटले. आई, मी, बाबा.

आजच्या फोटोत एकच. माझा.

मी लॅपटॉप पुढे ओढला. जाहिरात अजून उघडीच होती. खाली दोन बटणं. गाडी गेली की कुणाच्या तरी दुसऱ्या शेडमध्ये बाबा खाकरत बसतील, आणि ते लोक रबर बदलत राहतील. माझ्या घरात मात्र एक माणूस जेवेल, झोपेल, हसेल. मी ‘नामंजूर’ दाबलं.

ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले होते. खुर्ची सरकल्याचा आवाज मला आला नव्हता.

“नाही विकायची?”

“नाही,” मी म्हणाले. “ती इथेच राहील.”

“बरं,” ते म्हणाले. जराही न चिडता. मग त्यांनी खिशातून म्हातारीची किल्ली काढली आणि माझ्या हाताजवळ टेबलावर ठेवली.

“मग तूच एकदा चालवून बघ. लांबवर,” ते म्हणाले. “मागे जागा आहे अजून.”